दौरा रद्द नाही, फक्त पुढे आहे

मिनेसोटातल्या ल्युथरन कॉलेजांत देवानंतर क्वायरचा नंबर लागतो. काही घरांत हा क्रम उलटाही असतो, पण ती मंडळी तसं बोलून दाखवत नाहीत. तशी ती काहीच बोलून दाखवत नाहीत. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची ही पणतवंडं. घराला आग लागली तर शेजाऱ्याचं दार वाजवून आधी 'ऐन जेवणाच्या वेळी आलो' म्हणून माफी मागतील, त्याच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी करतील आणि मग जमलंच तर पाण्याचा विषय काढतील. अशा माणसांना मोठ्यानं तोंड उघडायची एकच सोय समाजानं ठेवलेली आहे: चार आवाजांत, सरळ उभं राहून, आणि समोर हात हलवणारं कुणी असेल तरच.

हे वेड लावलं एफ. मेलियस क्रिस्टियनसेन या गृहस्थानं. नॉर्वेत जन्मलेला हा व्हायोलिनवादक 1903 साली नॉर्थफील्ड गावच्या सेंट ओलाफ कॉलेजात आला. 1912 मध्ये तिथली क्वायर सुरू झाली आणि 1913 मध्ये ती थेट नॉर्वेला गाऊनही आली. म्हणजे बारशाचे पेढे संपायच्या आत परदेश दौरा! क्रिस्टियनसेनचा एक मुलगा, ओलाफ, पुढे वडिलांच्या जागी उभा राहिला. दुसरा, पॉल, मूरहेडच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजात गेला आणि 1937 पासून 1986 पर्यंत तिथून हलला नाही. शेजारच्या आयोवात, डेकोरा गावच्या ल्युथर कॉलेजात, वेस्टन नोबल यांनी 1948 ते 2005 अशी 57 वर्षं क्वायर सांभाळली. मिरजेहून निघताना माझी समजूत होती की घराणी फक्त आपल्याकडेच असतात.

आमची भाची शिकायला गेली ते कॉलेज या तिन्हींपैकी नाही. त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक रागावणार नाहीत, फार सभ्यपणे दुखावले जातील आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात घरी केलेला केक ठेवून जातील. तो केक माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. आमच्याकडे एक माणूस गातो, दोघं-तिघं साथ करतात आणि उरलेला गाव मान डोलावतो. गाणाऱ्याचा आवाज हजारांत ओळखू आला पाहिजे, ही पहिली अट. इथे अट बरोबर उलटी. क्वायरमध्ये साठ जण, आणि त्या साठांतल्या एकाचाही आवाज वेगळा कानावर आला की डायरेक्टरबाई हात खाली घेतात, डोळे मिटतात आणि हळूच म्हणतात, "मला कुणीतरी ऐकू येतंय." ते 'कुणीतरी' मग कानापर्यंत लाल होतं. क्रिस्टियनसेनच्या काळापासूनची ही तालीम: आवाजात कंप नको, वळण नको, हरकत तर नकोच नको. भाची लहानपणी सुट्टीत माझ्या आईकडे मिरजेला राहून सरगम घोटायची. आजीनं घातलेली मींड काढून टाकायला बाईंना पहिलं अख्खं सेमिस्टर लागलं. आजीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पैसे देऊन विसरायला शिकवतात होय?"

कुठल्या देवाचं गाणं हा प्रश्न तिनं एकदाच विचारला. "येशूचं," भाची म्हणाली. "असू दे. सूर लागतो ना?" विषय संपला. मिरजेत वॉनलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलात ज्यांची बाळंतपणं झाली, त्या पिढीला येशू काही नवा नाही.

तर दौरा. असल्या क्वायरचा परदेश दौरा दर तीन-चार वर्षांनी निघतो. विद्यार्थी चार वर्षांत बाहेर पडतो, म्हणून प्रत्येक पिढीच्या वाट्याला एक तरी दौरा यावा, हा त्यामागचा हिशेब. भाचीच्या पिढीचा नंबर 2020 च्या मेअखेर लागला होता. ऑस्लो, लिलहामर, बर्गन आणि शेवटी ट्रॉनहाइमचं निदारोस कॅथेड्रल, जिथे संत झालेल्या राजा ओलाफला पुरलं होतं. 1825 साली वस्तीसाठी निघालेल्यांचं पहिलं जहाज नॉर्वेहून सुटलं आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन अमेरिकेला आले. त्यांनी काढलेल्या कॉलेजांना नॉर्वेचा दौरा म्हणजे माहेरपण. मात्र त्या वर्षी माहेरी निघालेल्या लेकरांत टेनरमध्ये सेंट पॉलच्या हमोंग समाजातले दोन भाऊ होते, आल्टोत मिरजेची नात होती आणि बेसमध्ये टांझानियाचा एक मुलगा होता, जो साऱ्या क्वायरमधला सर्वांत कडवा ल्युथरन. माहेरच्यांनी दारातच भाकरतुकडा ओवाळून कुणावरून टाकायचा याचा गोंधळ उडाला असता.

तयारी वर्षभर आधी सुरू झाली. गायनाची थोडी, बाकीचीच जास्त. दौऱ्याची म्हणून एक पुस्तिका आली. तिच्यात काळ्या बुटांची टाच किती उंच असावी, मोजे कुठवर यावेत, अत्तर का लावू नये (शेजारच्याला शिंक येते, आणि निदारोसमध्ये शिंक आली तर ती फार वेळ घुमते), यजमानांच्या घरी टॉवेल कुठे वाळत घालावा, असं सगळं होतं. झगे इस्त्री करून पेटाऱ्यांत कसे रचायचे याची आकृती होती. आमच्याकडे नाटक कंपन्यांनी शंभर वर्षं दौरे केले, पण टॉवेलपर्यंत कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

उच्चारांसाठी एक निवृत्त प्राध्यापक आले. नॉर्वेजियन भाषेत एक स्वर असा आहे की ओठ 'ओ'चे करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं. भाची सुट्टीला आमच्याकडे आली की जिन्यावर, फ्रीजसमोर, बुटांच्या नाड्या बांधताना तो स्वर काढत बसायची. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मागून तो स्वर आला. आजी घाबरली. "पोरीच्या पोटात दुखतंय का रे? ओवा दे चिमूटभर, मीठ घालून."

निधीही जमवायचा होता. चर्चच्या तळघरात लेफ्सेची विक्री झाली. लेफ्से म्हणजे बटाटा घालून लाटलेली पातळ पोळी. आमच्या मंडळींनी, म्हणजे भाचीच्या मामीनं, ती उलटसुलट करून पाहिली आणि कनवाळूपणे म्हणाली, "ह्यांचं सारण भरायचं राहून गेलंय." मग ल्युटफिस्कची पंगत झाली. कॉड मासा आधी वाळवून लाकडासारखा कडक करायचा आणि मग कॉस्टिक सोड्याच्या जातीच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत करायचा, असा तो पदार्थ. आपल्याकडे त्या द्रव्यानं तुंबलेली मोरी मोकळी करतात. लोक तो लोणी ओतून, डोळे पुसत, पूर्वजांच्या आठवणीनं खातात. पूर्वज एवढ्या मोठ्या संख्येनं देश सोडून का निघाले असावेत याचा मला त्या संध्याकाळी अंदाज आला. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या दिवशी चौघा-चौघांचे गट पैसे घेऊन लोकांच्या दारात प्रेमगीतं गायला गेले. बाहेर शून्याखाली वीस. बेस गाणाऱ्याच्या मिशांत दुसऱ्या कडव्यापर्यंत बर्फ धरला होता, तरी त्यानं सूर सोडला नाही. अशा रीतीनं पैसे जमले, बूट घेतले, सुटकेसा आल्या.

आणि बुधवार आला, 11 मार्च 2020. जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. त्याच रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांनी युरोपातून येणारी वाट बंद केली. दुसऱ्या दिवशी नॉर्वेनं शाळा, कॉलेजं, सभा, सगळ्याला कुलूप घातलं. कॉलेजाचं पत्र यायला मात्र आणखी काही दिवस गेले, कारण मिनेसोटात वाईट बातमी सांगायला आधी समिती बसवावी लागते. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात सर्वांचे आभार होते. दुसऱ्यात वसंत ऋतूची चाहूल. तिसऱ्यात पुन्हा आभार. चौथ्यात, एका लांब वाक्याच्या शेपटीला, दौरा मे 2021 वर नेला असून त्यामुळे तयारीला अधिक वेळ मिळणार याचा आनंद आहे, असं लिहिलं होतं.

रद्द म्हणायला कुणी तयार नव्हतं, आणि कारण पैशाचं होतं. भाची दौरा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी होती, त्यामुळे हे सगळं गुपित आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोचायचं. दौरा रद्द केला तर एजन्सीकडून आगाऊ रक्कम परत मागायची, एजन्सीनं ती हॉटेलवाल्यांकडून आणि बसवाल्यांकडून मागायची, आणि मग सगळ्यांनी एकमेकांना करारातली कलमं वाचून दाखवायची. पुढे ढकलला तर तेच पैसे मुकाट्यानं पुढच्या वर्षीच्या खात्यावर. बऱ्याच विमान कंपन्याही त्या दिवसांत रोख हातावर ठेवत नव्हत्या, क्रेडिट देत होत्या. अर्ध्या जगाचे दौरे, लग्नं आणि हनिमून त्या वर्षी अशा क्रेडिटवर तरंगत होते. रद्द झालेल्या गोष्टीला माणूस रडून मोकळा होतो. पुढे गेलेल्या गोष्टीची दर पंधरवड्याला मीटिंग असते.

विम्याची तर वेगळीच कथा. पॉलिसीत साथीचे रोग आधीच वगळलेले. तरी एक फॉर्म भरायचा होता, आणि त्यात कारणांच्या रकान्यात 'दैवी आपत्ती' असा पर्याय होता. दुसऱ्या कुणी डोळे झाकून त्यावर खूण केली असती. पण हे पडलं ल्युथरन कॉलेज. धर्मशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी नम्रपणे विचारलं की ही साथ देवानं पाठवली असं कॉलेज सहीशिक्क्यानिशी लिहून देणार आहे का? दुसऱ्या प्राध्यापकांनी त्याहून नम्रपणे विचारलं की मग देवाचा तिच्याशी संबंध नाही, असं तरी लिहून देणार का? तिसऱ्यांनी बायबलातल्या ईयोबाचा दाखला दिला. मेलामागून मेल गेले. शेवटी अकाउंट्समधल्या बाईंनी 'इतर' या चौकटीत खूण करून फॉर्म पाठवून दिला. देव आणि दुःख या प्रश्नाचा निकाल इतक्या झटपट आजवर कुठल्या धर्मपीठानं लावला नसेल. (विम्याचे पैसे अर्थात मिळाले नाहीत.)

कॉलेजच्या पास्टरांनी मुलांची समजूत घालायला मार्टिन ल्युथरचं एक पत्र शोधून काढलं. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला होता. ब्रेस्लाऊच्या धर्मगुरूंनी विचारलं होतं की अशा वेळी ख्रिस्ती माणसानं पळून जावं का? ल्युथर स्वतः गाव सोडून गेला नाही, पण त्याच्या उत्तरातला एक भाग थेट नगरपालिकेच्या आरोग्य खात्यानं काढलेल्या पत्रकासारखा आहे: औषध घ्या, घराला धुरी द्या आणि जिथे आपली गरज नाही तिथे उगाच जाऊ नका. पास्टरांनी हे सांगून पुढचं वाक्य सभ्यपणे अर्धं सोडलं होतं. त्यावर एका सोप्रानोनं सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं, "पण मला जायची गरज आहे." त्या वर्षातला हा सर्वांत उद्धट मेल मानला जातो.

वसतिगृह रिकामं झालं आणि भाची सुटकेस घेऊन आमच्याकडे आली. तिचे आईवडील टेक्सासमध्ये, आम्ही जवळ. नॉर्वेसाठी घेतलेली सुटकेस मिनेसोटातल्या मिनेसोटात तासाभराचा प्रवास करून आली. पोरगी पहिले काही आठवडे गप्प होती. जूनच्या अखेरीला ती आजीशी बोलताना रडली. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, यंदा माउलींच्या पादुकासुद्धा एसटीनं गेल्या पंढरपूरला. तू कसलं घेऊन बसलीस!" खरंच गेल्या होत्या. शतकानुशतकं पायी जाणारी वारी त्या आषाढीला मोजक्या लोकांनिशी बसमध्ये बसली होती. भाचीनं हे सांत्वन भाषांतर करून क्वायरच्या ग्रुपवर टाकलं. आल्टोंनी विचारलं की एसटी म्हणजे कोण? कुणी संत आहे का? भाचीनं होय म्हणून सांगितलं.

गमतीत सांगतोय, पण गाण्याची भीती उगाच नव्हती. 10 मार्चला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका हौशी क्वायरची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण हजर होते. त्यांतले 53 जण आजारी निघाले आणि दोघं गेली. मे महिन्यात याचा सरकारी अहवाल आला आणि गाणं एका रात्रीत खोकल्याशेजारी जाऊन बसलं. आयुष्यभर ज्या श्वासाची तारीफ झाली, 'काय दमसास आहे!' म्हणून, तोच आता किती फुटांवर पडतो हे लोक मोजू लागले.

मग आलं झूम. एकत्र गाणाऱ्यांना एकमेकांचा आवाज पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आत मिळावा लागतो. झूमवर तो वाटेत चहा घेऊन येतो. पहिल्या तालमीत साठांनी मिळून एक साधं स्तोत्र धरलं आणि चार ओळींत ते साठ ठिकाणी फुटलं. डायरेक्टरबाईंनी सगळ्यांना म्यूट केलं. त्यानंतर दर मंगळवारी बाई साठ मुक्या चौकटींसमोर हात हलवायच्या, चौकटींतले ओठ हलायचे आणि ऐकू यायचा फक्त बाईंचा कुत्रा. तो बऱ्यापैकी सुरात होता, असं भाची सांगते.

कुणीतरी व्हर्च्युअल क्वायरची कल्पना काढली. ती नवी नव्हती. एरिक व्हिटाकर या संगीतकारानं 2010 मध्येच 185 गायकांचे घरबसल्या केलेले व्हिडिओ जोडून एक गाणं उभं केलं होतं, आणि 2020 च्या उन्हाळ्यात त्याच्या नव्या गाण्याला 129 देशांतून 17,572 जणांनी आवाज पाठवला. आमच्या समितीनं ठरवलं की नॉर्वेतल्या ज्या चर्चांत गायचं होतं त्यांना निदान व्हिडिओ तरी पाठवू. प्रत्येकानं कानात पियानो लावून आपापला आवाज एकट्यानं फोनवर रेकॉर्ड करायचा.

एकट्यानं! ज्यांची सगळी तपश्चर्या 'मी ऐकू येऊ नये' यासाठी, त्या साठ जणांना सांगितलं की दार लावून घ्या आणि एकटे गा. भाचीला घरात घुमणारा आवाज नको होता, म्हणून तिनं मामीचं कपड्यांचं कपाट धरलं. आत दोन्ही बाजूंना साड्या. मामीनं बाहेरून सूचना केली की पैठण्यांकडे तोंड कर, कॉटनच्या साड्यांना काही दम नाही. अशा रीतीनं मोरबांगडीच्या पदराला उद्देशून पोरगी अंधारात येशूची स्तुती गाऊ लागली.

आल्टोची ओळ सुटी ऐकण्याचा योग ज्यांना आला नसेल त्यांना सांगतो: मुख्य चाल सोप्रानोकडे असते. आल्टो एका स्वरावर उभी राहते. फार झालं तर शेजारच्या स्वरावर जाऊन चौकशी करून परत येते. कपाटातून पाऊण तास तो एक स्वर येत होता. फोनवर आजी होती. तिनं बराच वेळ धीर धरला आणि मग विचारलं, "तंबोरा जुळला की रे आता. चीज कधी सुरू होणार?"

साठांचे आवाज जोडायचं काम संगणकशास्त्राच्या एका मुलाकडे आलं. तो स्वतः बॅरिटोन. त्या उन्हाळ्यात त्याला जे कळलं ते कुठल्याच क्वायरमध्ये कुणालाच कधी कळू नये. त्याला कळलं की अकरा जण आजवर नुसते ओठ हलवत आले होते. त्याला कळलं की क्वायरचा आधारस्तंभ मानला जाणारा एक बेस 'सा' आणि 'नी' यांच्यामध्ये स्वतःचं एक खासगी गाव वसवून राहतो. एका टेनरनं चाळिसावा टेक पाठवताना सोबत माफीपत्र जोडलं होतं. एका सोप्रानोच्या टेकमध्ये मागून वडील विचारत होते की अजून किती वेळ चालणार हे. मुलानं सगळं निमूटपणे घासूनपुसून सरळ केलं आणि नावं कधीच सांगितली नाहीत. पण शरद ऋतूत कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा तो समोरून आला की काही जण रस्ता ओलांडू लागले.

शरदातल्या तालमी पार्किंगच्या तीन मजली इमारतीत सुरू झाल्या. चारी बाजूंनी उघडी, हवा खेळती, आणि सिमेंटचा घुमारा असा की भाचीच्या मते निदारोसची तहान तिथे अर्धी भागली. एरोसोलच्या अभ्यासांवरून निघालेले नियम होते: अर्धा तास गायचं आणि थांबायचं, सहा फुटांवर उभं राहायचं, आणि तोंडावर गायकांचा खास मास्क. हा मास्क चोचीसारखा पुढे आलेला असतो, म्हणजे श्वास घेताना कापड तोंडात जात नाही. साठ बदकं गडद निळ्या झग्यांत, नोव्हेंबरच्या थंडीत, दुसऱ्या मजल्यावर लॅटिन गाताहेत, हे दृश्य पाहून गाडी काढायला आलेली माणसं गाडी तिथेच ठेवून चालत घरी जात.

अडचण होती हातांची. सेंट ओलाफची क्वायर गाताना एकमेकांचे हात धरते. भाचीच्या क्वायरनंही ती रीत उचललेली, आणि हात धरल्याशिवाय या मुलांचे सूर एकमेकांना सापडेनात. समितीनं विचार करून सहा-सहा फुटांच्या निळ्या रिबिनी आणल्या. एक टोक याच्या हातात, दुसरं तिच्या. कल्पना सुंदर होती. प्रत्यक्षात बालवाडीची सहल रस्ता ओलांडायला निघाल्यासारखं दिसायचं, आणि वारा आला की टेनर गुंडाळले जायचे. एकदा खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजू लागला. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि सगळ्यांना अर्ध्या स्वरानं वर यायला सांगितलं. चढलेला तो अलार्म नव्हता, उतरलेली क्वायर होती.

गावातल्या चर्चनं तोवर गाडीत बसून उपासना सुरू केली होती. पास्टर ट्रॉलीवर उभे, प्रवचन एफएम रेडिओवर, आणि आमेनऐवजी हॉर्न. मी एकदा भाचीला सोडायला गेलो होतो. पन्नास-साठ गाड्या एकदम हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा परदेशात आल्यापासून प्रथमच मला मिरजेच्या मार्केटात उभं असल्यासारखं वाटलं. मी एक जादा आमेन वाजवला. आसपासच्या गाड्यांतून माझ्याकडे फार प्रेमानं पाहण्यात आलं.

जानेवारी 2021 मध्ये दौरा पुन्हा पुढे गेला, मे 2022 वर. या वेळी पत्र एकाच परिच्छेदाचं होतं. माणसांना सवय होते. समितीला मात्र काम वाढलं. 'नॉर्वे 2020' छापलेले टी-शर्ट आले होते, त्यांवर 2021 चं ठिगळ इस्त्रीनं चिकटवलं गेलं होतं. आता त्यावर 2022 चं. धुतले की ठिगळं सुटायची, आणि अधूनमधून एखादा मुलगा मेसमध्ये तीन वर्षांपैकी कुठल्याही वर्षी नॉर्वेला निघालेला दिसायचा. हॉटेलांना नवे मेल गेले. यजमान कुटुंबांची यादी नव्यानं झाली, कारण एका आजीबाईंनी कळवलं की दोन मुलींसाठी राखलेल्या खोलीत त्यांचा नातू येऊन राहिलाय आणि तो काही जायचं नाव काढत नाही.

पण ठिगळानं सुटणारा नाही असा एक घोळ होता. मे 2021 मध्ये भाचीचं पदवीदान झालं. तिच्यासोबत क्वायरचा चौथा हिस्सा बाहेर पडला. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक चौथा हिस्सा अंगणात खुर्च्या मांडून, लॅपटॉपसमोर टोपी उडवून, पदवीधर झालाच होता. ज्यांनी ल्युटफिस्क वाढला, मिशांत बर्फ धरला, तो चमत्कारिक स्वर पाठ केला, त्यांतले निम्मे दौरा मागे ठेवून चालले होते. पदवीदानाच्या दिवशी बाईंनी एकेकाला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. भाचीला म्हणाल्या, "चार वर्षांत तू मला एकदाही ऐकू आली नाहीस." पोरगी ढसाढसा रडली. मी मामीच्या कानात म्हटलं, ही शिवी आहे का? मामी म्हणाली, गप्प बसा, पद्मश्री आहे ती.

2022 मध्ये दौरा निघाला. गेला, गायला, परतला. निदारोसमध्ये जी मुलं उभी राहिली त्यांतल्या निम्म्यांना मास्कशिवाय गायला लागून जेमतेम काही महिने झाले होते. हमोंग भावांतला धाकटा जुन्यांपैकी एक. त्यानं भाचीला तिथून एक व्हॉइस नोट पाठवली, त्यात तो फक्त शिंकला आणि ती शिंक किती वेळ घुमते ते ऐकवलं. पुस्तिकेत लिहिलेलं खरं होतं.

त्यानंतर भाचीला अकाउंट्स विभागाचं पत्र आलं. तिचे जुन्या दौऱ्यातले काही डॉलर अजून शिल्लक होते. तीन चौकटी दिल्या होत्या: रक्कम परत घ्या, पुढच्या दौऱ्यासाठी दान करा, किंवा आपल्या पुढच्या दौऱ्यासाठी राखून ठेवा. तिसरी चौकट चुकून राहिलेली असावी, कारण माजी विद्यार्थ्यांना क्वायरच्या दौऱ्यावर जाता येत नाही. हे कलम नियमावलीत घालावं असा ठराव समितीत असताना भाचीनंच मांडला होता. तिनं तिसऱ्या चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि बुटांचं माप लिहून पाठवलं. अजून उत्तर नाही. आभाराचे परिच्छेद लिहून झाले नसतील.